बिनमालकाची पेढी

इतिहासाच्या ग्रंथांतून लढाया, तह आणि राजवंश ह्यांना जेवढी जागा मिळते तेवढी पेढ्यांच्या खातेवह्यांना मिळत नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. खातेवहीत तलवारींचा खणखणाट ऐकू येत नाही. परंतु एखाद्या प्रांतातील सामान्य माणसे शतकानुशतके कशी जगली, कोणत्या धास्तीने त्यांनी चार पैसे बाजूला टाकले, ते कोणाच्या हाती विश्वासाने सोपवले आणि त्या पैशांचे पुढे काय झाले, हे पाहावयाचे असेल तर खातेवहीच उघडावी लागते. उत्तर इटलीतील लोंबार्डी प्रांताच्या बचतपेढीचा इतिहास मला ह्याच कारणासाठी मननीय वाटतो.

व्यापारी पेढीला भागधारक असतात, सहकारी पेढीला सभासद असतात, सरकारी पेढीच्या पाठीशी सरकार असते. लोंबार्डीच्या ह्या पेढीला ह्यांपैकी कोणीच धनी नव्हता. ठेवीदार आपली ठेव आणि तिचे व्याज एवढेच मागू शकत होता. चालक तर केवळ विश्वस्त होते. नफ्यावर त्यांचा काडीचा हक्क नव्हता. असे असूनही पिढ्यान्‌पिढ्या शिल्लक साचत गेली आणि विसाव्या शतकात ह्या पेढीची गणना जगातील सर्वांत मोठ्या बचतपेढ्यांत होऊ लागली. मग ही साचलेली संपत्ती कोणाची? हा प्रश्न प्रारंभी कोणी विचारला नाही. तो विचारला गेला तेव्हा पेढीला पावणेदोनशे वर्षे होत आली होती.

पेढीचा उगम दुष्काळात आहे. एप्रिल १८१५ मध्ये आजच्या इंडोनेशियातील सुंबावा बेटावर तांबोरा नावाच्या ज्वालामुखीचा भीषण स्फोट झाला. त्याची धूळ पृथ्वीभोवतीच्या वातावरणात पसरली आणि पुढच्या वर्षी पश्चिम युरोपात उन्हाळा आलाच नाही, असे लोक म्हणू लागले. पावसाने आणि थंडीने पिके शेतातच कुजली. नेपोलियनच्या दीर्घ युद्धांनी आधीच पिळून निघालेल्या प्रदेशावर हे दुसरे संकट कोसळले. लोंबार्डी त्या वेळी नुकताच ऑस्ट्रियाच्या सम्राटाकडे आला होता. व्हिएन्नाच्या परिषदेनंतर १८१५ मध्ये लोंबार्डी आणि व्हेनिसचा प्रदेश जोडून हॅप्सबर्ग घराण्याचे एक नवे राज्य निर्माण करण्यात आले होते. ह्या नव्या राज्यकर्त्यांपुढे पहिले काम उभे राहिले ते उपाशी माणसांचे. मक्याच्या पिठाच्या लापशीवर गुजराण करणारा शेतमजूर भाव चढताच उघडा पडला. उपासमारीपाठोपाठ १८१७ मध्ये प्रलापक ज्वराची साथ आली. गावे सोडून माणसे शहरांच्या वेशींकडे चालू लागली.

ह्या आपत्तीला तोंड देण्यासाठी १८१६ मध्ये मिलान येथे एक मध्यवर्ती धर्मादाय आयोग नेमण्यात आला. अन्नछत्रे, रोख मदत आणि कामधंदा ह्यांची व्यवस्था लावणे हे त्याचे काम. दुष्काळ ओसरला, भाव उतरले, पण आयोगासमोर एक प्रश्न उरला. ज्याच्यापाशी गाठीला एका आठवड्याचीही पुंजी नाही, त्याला प्रत्येक वाईट हंगामात पुन्हा दारोदार यावे लागणारच. मग भिक्षा वाटण्याऐवजी, ती मागण्याची पाळीच येऊ नये असा काही उपाय करता येईल काय?

हा विचार त्या काळी युरोपभर घुमत होता. त्याआधीच्या शतकांत गरिबाला पैशांची अडचण भागवण्याचे दोनच मार्ग होते, सावकार किंवा गहाणपेढी. इटलीत फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूंनी सावकारी व्याजाविरुद्ध मोठे आंदोलन केले होते आणि त्यातून १४६२ मध्ये पेरुजा येथे पहिल्या धर्मादाय गहाणपेढ्यांपैकी एक निघाली. तिला ‘मोन्ते दी पिएता’ म्हणजे करुणेची रास असे नाव होते. मिलानमध्येही १४९६ पासून अशी पेढी होती. घरातील तांब्याचे भांडे, लग्नातील अंगरखा, चांदीची साखळी ठेवून गरिबाने अल्प व्याजावर कर्ज घ्यावे, अशी ही योजना. परंतु गहाणपेढी गरिबाला कर्जदार म्हणूनच ओळखत होती. तो धनको होऊ शकतो, त्याचा एक नाणेभर पैसाही कोणी सांभाळावा आणि त्यावर व्याज द्यावे, ही कल्पना अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागली. हॅम्बुर्ग येथे १७७८ मध्ये अशी एक संस्था निघाली. १८१० मध्ये स्कॉटलंडमधील रुथवेल ह्या खेड्यात हेन्री डंकन ह्या धर्मोपदेशकाने आपल्या गावकऱ्यांसाठी बचतपेढी काढली. १८१९ मध्ये व्हिएन्नात ऑस्ट्रियाची पहिली बचतपेढी उघडली. साम्राज्याच्या राजधानीतील हा प्रयोग इटालियन प्रांतांत उतरण्यास वेळ लागला नाही. १८२२ मध्ये व्हेनिस येथे इटलीतील पहिली बचतपेढी निघाली आणि १८२३ मध्ये मिलानच्या धर्मादाय आयोगाने आपली पेढी सुरू केली. आयोगाजवळ जो निधी होता, तोच ठेवीदारांच्या पैशाला आधार म्हणून दाखवण्यात आला. दुष्काळग्रस्तांसाठी जमवलेल्या पैशातून अशा रीतीने बचतपेढीचा पाया घातला गेला.

इटालियन भाषेत बचतपेढीला ‘कास्सा दी रिस्पार्मियो’ म्हणतात. ‘कास्सा’ म्हणजे पेटी. बचतीची पेटी, एवढाच त्याचा साधा अर्थ. पण पेटीची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्यावर विश्वास असल्याशिवाय तिच्यात पैसा कोण टाकील? आणि १८२३ चे मिलान हे विश्वासाचे गाव नव्हते. कार्बोनारी ह्या गुप्त मंडळाच्या संशयावरून शहरातील उदारमतवादी तरुणांची धरपकड चालू होती. लेखक सिल्व्हिओ पेल्लिको ह्याला शिक्षा होऊन स्पीलबर्गच्या किल्ल्यात पाठवण्यात आले होते. ज्याने मिलानमध्ये परस्पर-अध्यापनाच्या शाळा आणि पो नदीवर वाफेची बोट आणण्यासाठी खटपट केली, तो काउंट फेदेरीको कोन्फालोनिएरी त्या वर्षी तुरुंगात होता. ह्याच शहरात अलेस्सांद्रो मान्झोनी आपली प्रसिद्ध कादंबरी लिहीत होता. १८२७ मध्ये ती बाहेर पडली, तेव्हा १६२८ सालच्या मिलानमधील भाकरीच्या दंगलीचे तिच्यातील वर्णन वाचणाऱ्यांच्या मनात दहा वर्षांपूर्वीचा दुष्काळ ताजाच असला पाहिजे. परकीय सत्तेच्या छायेत, हेरांच्या आणि शिपायांच्या गावात, एक सरकारनियुक्त आयोग लोकांना म्हणत होता की तुमचे चार पैसे आमच्याकडे ठेवा.

तरीही लोकांनी ते ठेवले. ठेवीदारांत घरगडी, मोलकरणी, कारागीर होते, तसेच किरकोळ दुकानदार आणि बऱ्यापैकी सुस्थितीतील मध्यमवर्गीयही होते. पेढी केवळ निर्धनांची कधीच नव्हती. निर्धनाजवळ ठेवण्यासारखे असते तरी काय? मिलानपुरतेच हे काम न ठेवता प्रांतातील इतर शहरांतही लवकरच पेढीच्या शाखा निघाल्या.

ठेवीदाराच्या हाती दिले जाणारे छोटे पुस्तक ही ह्या इतिहासातील फार मोलाची वस्तू आहे. इटलीत दीर्घकाळ ‘धारकाचे पुस्तक’ हा प्रकार लोकप्रिय होता. त्यावर ठेवीदाराच्या नावाची बांधिलकी नसे. जो पुस्तक आणून दाखवील त्याला पैसे मिळत. हरवले किंवा चोरीस गेले तर पंचाईत, हे खरे. परंतु त्याची सोयही मोठी होती. १८६५ च्या इटालियन नागरी संहितेनुसार विवाहित स्त्रीला मालमत्तेच्या अनेक व्यवहारांसाठी पतीची संमती लागे आणि हे बंधन १९१९ मध्ये उठले. अशा समाजात, ज्याच्या हाती त्याचे, असे हे पुस्तक कपाटातील कपड्यांच्या घडीखाली ठेवता येणे ह्याचा अर्थ स्त्रियांना निराळा सांगावा लागत नसेल. पुढे करचुकवेगिरी आणि काळा पैसा ह्यांचा बंदोबस्त करण्यासाठी ही पुस्तके २०१७ पासून नव्याने देणे बंद झाले आणि जुनी पुस्तके २०१८ अखेर मिटवण्यात आली. मोलकरणीची गुप्तता आणि करबुडव्याची गुप्तता कायद्याला वेगळी ओळखता आली नाही.

आता पेढीचे गणित पाहू. समजा, ठेवीदाराला वर्षाला शेकडा चार व्याज दिले आणि तोच पैसा शेकडा पाचने कर्जाऊ दिला, तर मधला एक पेढीकडे राहतो. त्यातून कारकुनांचे पगार आणि दिवाबत्ती भागवायची. व्यापारी पेढीत ह्यानंतर जे उरते ते भागधारकांत वाटले जाते. येथे भागधारक नव्हते. म्हणून उरलेले गंगाजळीत जाई आणि गंगाजळी पुरेशी भरल्यावर काही भाग दानधर्माला व लोकोपयोगी कामांना जाई. थेंबे थेंबे तळे साचे असे आपण म्हणतो. ह्या तळ्याला बाहेर जाणारा पाट जवळजवळ नव्हता आणि म्हणून ते साचतच गेले.

परंतु हे पाणी कोणत्या शेताला मिळाले, हेही पाहिले पाहिजे. ठेवीदाराने केव्हाही मागावे आणि त्याला पैसे मिळावेत, ह्यासाठी पेढी साहस टाळी. ती पैसे गुंतवी ते मुख्यतः जमिनीच्या गहाणावर आणि सरकारी कर्जरोख्यांत. लोंबार्डीचे मैदान सुपीक. तेथे भातशेती, दुभती जनावरे, तुतीची झाडे आणि रेशमाचे किडे. पण जमीन मोठ्या मालकांची होती आणि गहाण ठेवायला जमीन लागते. त्यामुळे धोबिणीने आणि सुताराने पोटाला चिमटा काढून ठेवलेला पैसा जमीनदाराच्या पाटबंधाऱ्यांना आणि गोठ्यांना मिळाला. तोच सुतार रंधा विकत घेण्यासाठी कर्ज मागू लागला तर पेढीजवळ त्याच्यासाठी खाते नव्हते. १८६६ च्या कायद्याने जमीनतारणावर दीर्घ मुदतीची कर्जे देण्याचे खास काम ज्या थोड्या संस्थांकडे आले, त्यांत मिलानची ही पेढी होती. शेती सुधारली, प्रांत समृद्ध झाला, हे खरे. पण गरिबाचा पैसा श्रीमंताच्या हातून फिरून मगच गरिबाकडे मजुरीच्या रूपाने परतला, हेही तितकेच खरे.

ही उणीव ज्यांच्या लक्षात आली त्यांत लुईजी लुझ्झात्ती हा अर्थशास्त्रज्ञ प्रमुख होता. जर्मनीतील सहकारी पतपेढ्यांचा अभ्यास करून त्याने लोकपेढ्यांचा पुरस्कार केला. १८६४ मध्ये लोदी येथे आणि १८६५ मध्ये मिलान येथे अशी पेढी निघाली. तेथे कारागीर स्वतः सभासद होई, भाग घेई आणि आपल्या पतीवर कर्ज मिळवी. बचतपेढीने गरिबाला ठेवीदार केले होते. लोकपेढीने त्याला मालक आणि कर्जदार असे दोन्ही केले. लुझ्झात्तीचे नाव आपल्या सहकारी चळवळीला परके नाही. भारतात नागरी सहकारी पतपेढ्यांची कल्पना रुजली, तेव्हा जर्मनीतील शुल्त्झ-डेलिट्श आणि इटलीतील लुझ्झात्ती ह्यांचीच उदाहरणे पुढे होती.

दरम्यान राज्ये बदलत होती. मार्च १८४८ मध्ये मिलानच्या नागरिकांनी पाच दिवस रस्त्यांत अडथळे उभारून ऑस्ट्रियाच्या सैन्याला शहराबाहेर घालवले. काही महिन्यांतच ते सैन्य परत आले. १८५९ मध्ये माजेन्ताच्या लढाईनंतर ऑस्ट्रियाची सत्ता लोंबार्डीतून कायमची उठली आणि १८६१ मध्ये इटलीचे राज्य जाहीर झाले. सम्राट गेला, राजा आला. ऑस्ट्रियन चलन जाऊन इटालियन लिरा आला. पेढीच्या वह्या मात्र चालूच राहिल्या. परकीय राज्यकर्त्यांनी नेमलेल्या आयोगाची संस्था म्हणून नव्या स्वतंत्र राज्याने ती मोडली नाही. तिच्यातील पैसा सम्राटाचा कधी नव्हताच, हे सर्वांना कळत होते. तिचे पूर्ण नाव ‘लोंबार्डीच्या प्रांतांची बचतपेढी’ असे झाले आणि त्याच शब्दांच्या आद्याक्षरांवरून पुढे तिला ‘कारिप्लो’ हे सुटसुटीत नाव पडले.

ह्या नव्या राज्यात पेढीने आपल्यासाठी एक वास्तू उभारली. वास्तुशिल्पी जुझेप्पे बाल्झारेत्तो ह्याने १८६८ ते १८७२ ह्या काळात ती बांधली. फ्लॉरेन्समधील पंधराव्या शतकातील सावकारी घराण्यांच्या प्रासादांचा नमुना त्याने पुढे ठेवला होता. ओबडधोबड, जाडजूड दगडांची ती भिंत पाहून मिलानकरांनी आपल्या बोलीत तिला ‘का दे सास’ म्हणजे दगडांचे घर म्हणावयास प्रारंभ केला. मोलकरणीच्या चिल्लर पैशासाठी राजवाड्यासारखे घर कशाला, असा प्रश्न कोणासही पडावा. पण ठेवीदाराला ताळेबंद वाचता येत नसे, दगड मात्र वाचता येई. हे घर पळून जाणार नाही, एवढे त्याला त्या भिंतीवरून कळत असे. जुन्या गहाणपेढीचे नाव धारण करणाऱ्या रस्त्यावरच ही वास्तू उभी आहे, हाही एक सूचक योग.

इटलीभर अशा पेढ्यांचे जाळे पसरत गेले. तुरीनमध्ये १८२७, फ्लॉरेन्समध्ये १८२९, रोममध्ये १८३६, बोलोन्यात १८३७, फेर्रारात १८३८ अशी त्यांची वर्षे आहेत. त्यांत दोन जाती होत्या. मिलानसारख्या काही पेढ्या सार्वजनिक संस्थांनी काढल्या; फ्लॉरेन्स, रोम, बोलोन्या येथील पेढ्या शहरातील प्रतिष्ठित नागरिकांनी स्वतःचा पैसा घालून उभ्या केल्या. पण दुसऱ्या प्रकारातही संस्थापकांनी नफ्याची आशा सोडलेली होती. १८७५ च्या कायद्याने सरकारने टपालकचेऱ्यांतून बचत स्वीकारण्यास आरंभ केला आणि जेथे बचतपेढी पोहोचली नव्हती तेथे टपालवाला पोहोचला. १८८८ मध्ये सर्व बचतपेढ्यांसाठी पहिला सर्वसाधारण कायदा झाला. मिलानच्या पेढीकडे तर ह्याही पलीकडचे एक काम आले. कारखान्यांत अपघातात सापडणाऱ्या कामगारांच्या विम्यासाठी १८८३ मध्ये राष्ट्रीय निधी स्थापन झाला आणि त्याचे व्यवस्थापन ह्या पेढीकडे सोपवण्यात आले.

१८९३ व १८९४ ही वर्षे इटलीतील पेढ्यांना फार कठीण गेली. घरबांधणीच्या सट्ट्यात पैसा गुंतवलेल्या क्रेदितो मोबिल्यारे आणि बांका जेनेराले ह्या दोन मोठ्या व्यापारी पेढ्या कोसळल्या. रोमच्या बांका रोमानाचा नोटा छापण्यातील घोटाळा बाहेर येऊन मंत्रिमंडळ कोसळले. त्या वादळात लोंबार्डीची पेढी उभी राहिली. तिच्या भित्रेपणाला लोकांनी तेव्हा शहाणपण म्हटले असेल.

परंतु बचतीचा उपदेश कोठवर पुरतो, ह्याचे उत्तर मिलानच्याच रस्त्यांवर १८९८ च्या मे महिन्यात मिळाले. भाकरी महागली, कामगार रस्त्यावर आले आणि जनरल बावा बेक्कारिस ह्याने त्यांच्यावर तोफा डागल्या. सरकारी आकड्यानुसार सुमारे ८० माणसे ठार झाली. इतरांनी ह्याहून कितीतरी मोठा आकडा सांगितला. भाकरीच्या टंचाईतून जन्मलेल्या पेढीला त्या वर्षी ७५ वर्षे झाली होती. तिच्या तिजोऱ्या भरलेल्या होत्या आणि त्याच शहरात भाकरीसाठी माणसे मरत होती. काटकसर हा सद्गुण खरा. पण ज्याची मजुरी पोटालाच पुरत नाही त्याला तो शिकवणे म्हणजे कोरड्या विहिरीवर पोहरा देण्यासारखे आहे. १८१६ च्या आयोगाने विचारलेल्या प्रश्नाचे बचतपेढी हे अर्धेच उत्तर होते.

पहिल्या महायुद्धानंतर, ऑक्टोबर १९२४ मध्ये, जगातील बचतपेढ्यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद मिलान येथेच भरली. तिच्या शेवटच्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला, हा दिवस जगभर बचतदिन म्हणून पाळावा असे जाहीर झाले. त्याची घोषणा करणाऱ्या इटालियन प्राध्यापकाचे नाव फिलिप्पो राविझ्झा. मिलानमधील ह्या घोषणेचा धागा आपल्यापर्यंत येऊन पोहोचला आहे. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता ह्या इलाख्यांच्या राजधान्यांत १८३३ ते १८३५ ह्या काळात सरकारी बचतपेढ्या निघाल्या होत्या आणि १८८२ मध्ये टपालकचेऱ्यांची बचतपेढी सुरू झाली. बचतदिनाची कल्पना ह्या भूमीवर सहज रुजली. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी ह्यांची हत्या झाल्यावर भारतात हा दिवस ३० ऑक्टोबरला पाळला जाऊ लागला. त्या दिवशी शाळेतील मुलांना काटकसरीवर निबंध लिहावयास सांगितले जाते, तेव्हा त्याचे मूळ मिलानमध्ये आहे हे बहुधा गुरुजींनाही ठाऊक नसते.

बचतीच्या गौरवाचा लाभ घेण्यास हुकूमशाहीही पुढे सरसावली. मुसोलिनीच्या राजवटीने १९२७ मध्ये कायदा करून लहान लहान बचतपेढ्यांना एकमेकींत विलीन होण्यास भाग पाडले. ज्या पेढीला मालक नाही तिच्यावर आपली माणसे बसवणे सत्ताधाऱ्यांना किती सोपे असते, हा धडा त्या काळाने दिला. भागधारक असते तर ते निदान ओरडले असते. येथे ओरडणार कोण? युद्धोत्तर लोकशाहीतही पेढ्यांच्या प्रमुखांच्या नेमणुका सरकार आणि पक्ष ह्यांच्या हाती राहिल्या आणि ही दुखरी जागा कायमच राहिली.

तरी युद्धानंतरचा काळ पेढीच्या भरभराटीचा होता. १९४८ मध्ये अमलात आलेल्या इटलीच्या राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात सर्व प्रकारच्या बचतीला उत्तेजन आणि संरक्षण देणे हे प्रजासत्ताकाचे कर्तव्य मानले आहे. १९५२ पासून सुमारे पाव शतक जोर्दानो देल्लामोरे हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक पेढीचे अध्यक्ष होते. मिलान हे कारखान्यांचे शहर बनत होते, दक्षिणेतून कामगारांचे लोंढे येत होते आणि त्यांच्या पगारातील बचत दगडांच्या घरात जमा होत होती. देल्लामोरे ह्यांनी आफ्रिकेतील नव्या स्वतंत्र देशांच्या पेढीव्यवसायाकडेही लक्ष दिले आणि तेथील लोकांच्या प्रशिक्षणासाठी मिलानमध्ये केंद्र उभारले.

१९९० मध्ये मात्र तो जुना, न विचारलेला प्रश्न समोर आला. युरोपच्या एकत्रित बाजारपेठेत टिकण्यासाठी इटलीच्या सार्वजनिक पेढ्यांना बाहेरून भांडवल हवे होते. भांडवल हवे तर भाग विकले पाहिजेत. भाग विकावयाचे तर प्रथम ते कोणाचे तरी असले पाहिजेत. पावणेदोनशे वर्षे ज्याला मालक नव्हता त्याचा मालक शोधणे भाग पडले. ठेवीदार म्हणावे, तर आजचे ठेवीदार निराळे आणि ज्यांच्या ठेवींतून गंगाजळी साचली ते कधीच मातीस मिळालेले. सरकार म्हणावे, तर सरकारने ह्यात पैसा घातला नव्हता. जुल्यानो आमातो ह्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ३० जुलै १९९० च्या कायद्याने एक तोड काढली. प्रत्येक बचतपेढीचे दोन भाग करावेत. पेढीव्यवसाय भागधारी कंपनीकडे द्यावा आणि तिचे भाग एका न्यासाकडे सोपवावेत. न्यासाने त्यांच्या उत्पन्नातून समाजाची कामे करावीत. १८२३ मध्ये एका देहात नांदणारे धर्मादाय आणि पेढी असे वेगळे झाले.

कारिप्लो पेढी १९९८ च्या प्रारंभी अंब्रोव्हेनेतो ह्या पेढीबरोबर मिळून बांका इन्तेसा बनली. २००७ मध्ये तुरीनच्या सानपाओलो गटाशी एकत्र येऊन तिची इन्तेसा सानपाओलो ही प्रचंड पेढी झाली. लोंबार्डीच्या बचतपेढीचे नाव पाट्यांवरून पुसले गेले. न्यास मात्र कारिप्लो ह्याच नावाने राहिला आणि युरोपातील धनाढ्य लोकोपकारी न्यासांत त्याची गणना होते. १९९९ पासून त्याने प्रांतातील निरनिराळ्या जिल्ह्यांत स्थानिक लोकन्यास उभे केले. कोमो आणि लेक्को येथे त्यांचा आरंभ झाला. परवडणारी घरे, विज्ञान, कला आणि मुलांच्या शिक्षणातील दारिद्र्य हे त्याचे विषय आहेत. राज्यकर्त्यांना ह्या न्यासांच्या संपत्तीचा मोह झाला नाही असे नाही. २००१ च्या एका कायद्याने त्यांच्यावर सरकारी व प्रादेशिक नियंत्रण आवळण्याचा प्रयत्न झाला. परंतु इटलीच्या घटना न्यायालयाने २००३ मधील दोन निकालांत हे न्यास खाजगी कायद्याखालील, समाजाच्या स्वातंत्र्याचे अंग असलेले आहेत असे ठरवून त्यांचे रक्षण केले. तेव्हा कोठे मूळ प्रश्नाला निदान एक नकारार्थी उत्तर मिळाले. ही संपत्ती सरकारची नाही.

पण न्यास केला म्हणजे संपत्ती सुरक्षित झाली असे समजण्याचे कारण नाही. फेर्रारा शहराच्या बचतपेढीचे उदाहरण ह्या बाबतीत बोलके आहे. १८३८ मध्ये निघालेल्या त्या पेढीचे बहुसंख्य भाग स्थानिक न्यासाकडेच होते. बुडीत कर्जांनी ती पोखरली गेली आणि २२ नोव्हेंबर २०१५ रोजी सरकारने आणि मध्यवर्ती पेढीने इतर तीन पेढ्यांबरोबर तिचाही निकाल लावला. सामान्य ठेवी सुरक्षित राहिल्या. परंतु भागधारकांचे आणि दुय्यम दर्जाचे कर्जरोखे घेतलेल्यांचे पैसे शून्यावर आले. ह्या रोखेधारकांत किती तरी साधी, वयस्क माणसे होती. आपल्या गावच्या पेढीत पैसा ठेवला, एवढेच ती समजत होती. आपण ठेवीदार नसून जोखीम पत्करलेले धनको आहोत, हे त्यांना दिवाळे निघाल्यावर कळले. पुढे सरकारने नुकसानभरपाईची योजना आखली, पण शहराचा न्यास आपल्या पिढीजात संपत्तीला मुकला. २०१७ मध्ये उरलेली पेढी दुसऱ्या एका पेढीने एका युरोला घेतली. शतकभराहून अधिक काळ जपलेला विश्वास अशा रीतीने एका नाण्याच्या किमतीला गेला.

लोंबार्डी आणि फेर्रारा ह्यांच्या नशिबांतील अंतर केवळ दैवाचे नाही. मिलानच्या न्यासाने पेढीवरील सत्ता वेळीच सोडली आणि आपली संपत्ती अनेक ठिकाणी वाटून ठेवली. फेर्राराचा न्यास आपल्या एकाच पेढीला कवटाळून राहिला. मालकीचा अभिमान सोडण्यात विश्वस्ताचे खरे शहाणपण असते, हे त्यातून दिसते. बिनमालकाच्या संपत्तीला दोन शत्रू असतात. एक तिला बळकावू पाहणारा आणि दुसरा तिला आपलीच समजून तिच्यासह बुडणारा.

कारिप्लो न्यासाचे धोरण ठरवणाऱ्या मंडळाचे नाव पुढेही ‘मध्यवर्ती धर्मादाय आयोग’ असेच राहिले. सम्राट गेला, राजा गेला, हुकूमशहा गेला, लिरा गेला. पेढीसुद्धा दुसऱ्या नावात विरून गेली. १८१६ च्या उपासमारीत ठेवलेले ते नाव तेवढे टिकले. ज्या संपत्तीवर कोणाचेही नाव लिहिलेले नाही, ती दर पिढीला पुढच्या पिढीसाठी हिशेब देऊन सोपवावी लागते, ह्याची आठवण देण्यास ते पुरेसे आहे.